लाखामागे तेहतीस

(विधी महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय तुरुंगवासाच्या आकड्यांचा आहे आणि वेळ जेवणानंतरची आहे. म्हणून प्रस्तावना वगळतो आणि दोन आकड्यांनीच सुरुवात करतो.

२०२२ सालच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या सगळ्या कारागृहांत मिळून साधारण ४१ हजार बंदी होते. त्याच सुमाराला जपानमधले तुरुंग आणि अटकगृहं मिळून जी माणसं आत होती, त्यांची संख्याही ४१ हजारांच्याच आसपास होती. जपानची लोकसंख्या साडेबारा कोटी. आपल्या राज्याचीही अंदाजे तेवढीच. भागाकार करा, दोन्हीकडे उत्तर एकच येतं: लाख लोकांमागे ३३ बंदी. जगाची सरासरी १४०च्या घरात आहे, इंग्लंड-वेल्स साधारण तिथेच आहे, अमेरिका ५००च्या वर आहे. म्हणजे जागतिक तक्त्यात महाराष्ट्र स्वतंत्र देश म्हणून घातला तर तो जपानच्या मांडीला मांडी लावून बसेल, आणि कुणीतरी उत्साही मंत्री दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषद घेईल.

आता हे ४१ हजार कोण आहेत ते बघू. जपानमध्ये दहातल्या साडेआठ जणांचा खटला संपलेला आहे, शिक्षा सुनावलेली आहे. महाराष्ट्रात दहातल्या आठ जणांचा खटला अजून चालू आहे, किंवा उभाच राहिलेला नाही. कारागृहाच्या कागदांत त्यांना न्यायाधीन बंदी म्हणतात, आपण बोलताना कच्चे कैदी म्हणतो. जपानमध्ये तुरुंगातल्या निम्म्याच्या आसपास जागा रिकाम्या आहेत. आपल्याकडे मंजूर जागा २५ हजारांच्या आत आणि माणसं ४१ हजार. आर्थर रोडची क्षमता वर्षानुवर्षं ८०४ अशी सांगितली जायची आणि आत त्याच्या तिप्पट-चौपट माणसं असायची. अशा बराकीत रात्री एकाने कूस बदलली की रांगेतल्या सगळ्यांना बदलावी लागते.

जपानची आरती ओवाळायला मी उभा नाही. तिथे अटकेनंतर आरोप ठेवण्याआधीच २३ दिवसांपर्यंत माणसाला पोलिसांच्या ताब्यात ठेवता येतं, चौकशीत वकील शेजारी बसत नाही, आणि सगळा भर कबुलीवर असतो. पोलिस कोठडीतली ही माणसं त्या ४१ हजारांत धरलेली नाहीत. (आपल्याकडेही पोलिस कोठडी कारागृहांच्या आकडेवारीत येत नाही, त्यामुळे तिथे फिट्टंफाट.) पण जपानचा आकडा कमी का आहे याचं उत्तर देता येतं. तिथला सरकारी वकील पुरावा हातात असूनही फार मोठ्या संख्येने प्रकरणं खटला न भरता सोडून देतो. न्यायाधीश तुरुंगवासाच्या निम्म्याहून जास्त शिक्षा स्थगित ठेवतात. २००६च्या सुमाराला तिथे ८० हजारांवर कैदी होते, ते निम्म्यावर आले. आत जे उरलेत त्यांत म्हाताऱ्यांचं प्रमाण इतकं वाढलं आहे की तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांना कैद्यांना आंघोळ घालायचं काम करावं लागतं. दुकानातून खाण्याच्या वस्तू चोरून पुन्हा पुन्हा आत येणारी सत्तरीतली माणसं आहेत ती. हे काही अभिमानाचं चित्र नाही, पण त्यामागे यंत्रणेने घेतलेले निर्णय आहेत. आपल्या ३३मागे कुणाचाच निर्णय नाही. पोलिसांचं मनुष्यबळ तोकडं, तक्रार नोंदवून घेण्यापासूनच गळती, साक्षीदार फिरतात, खटले वर्षानुवर्षं पडून राहतात, त्यामुळे शिक्षा होणारेच थोडे. आणि ज्यांच्यावर काहीच सिद्ध झालेलं नाही ते आत.

देशाचं चित्रही तेच आहे. २०२२ अखेर भारतात ५ लाख ७३ हजार बंदी, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे. अकरा हजारांहून अधिक न्यायाधीन बंद्यांना आत पाच वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला होता. लाखामागे हिशोब केला तर देशाचा आकडा ४१. दिल्लीत मात्र तो ८५-९०पर्यंत जातो, कारण दोन कोटींच्या शहरात १८ हजारांवर माणसं आत आहेत. दिल्लीकर केरळी किंवा मराठी माणसापेक्षा जास्त गुन्हेगार असतात असं कुणी म्हणत असेल तर त्याने जरा दिल्लीतलं पोलिसांचं संख्याबळ बघावं.

या कच्च्या कैद्यांपैकी काही जणांना जामीन मंजूर झालेला असतो. मंजूर होऊनही ते आत असतात. हे ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. न्यायालय आदेश देतं: १५ हजारांच्या जातमुचलक्यावर (म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेल्या हमीवर) आणि तेवढ्याच रकमेच्या एका सक्षम जामीनदारावर मुक्त करावं. आता जामीनदार आणा. त्याचं रेशनकार्ड, आधार, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नाहीतर पगाराचा दाखला, आणि बऱ्याच ठिकाणी तहसीलचा ऐपतीचा दाखला. आरोपी गोरखपूरचा, पनवेलला बांधकामावर होता, मुकादमाने फोन उचलणं बंद केलेलं आहे. त्याच्यासाठी आपला सातबारा कोण घेऊन येणार? गावाकडून भाऊ यायचा म्हणजे त्याची मजुरी बुडणार, आणि त्याचा सातबारा दुसऱ्या राज्यातला, तो पडताळून यायला आणखी महिना. विधी सहाय्याचं काम करणारे वकील अशा वेळी रोख जामिनाचा अर्ज करतात, रक्कम कमी करून मागतात, जामीनदाराची अट शिथिल करून मागतात. कधी मिळतं. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर निर्देश दिले: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जावी, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करायचा विचार करावा. त्याआधीची पद्धत म्हणजे कारागृहाच्या दाराशी टांगलेली पेटी. सुटकेचा कागद संध्याकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत त्या पेटीत पडला तर माणूस त्या दिवशी बाहेर. लोकल चुकली, शिक्का राहिला, तर आणखी एक रात्र. त्या रात्री जर ३१ डिसेंबरची मोजणी झाली, तर जागतिक तक्त्यात हा माणूस ‘भारताचा तुरुंगवासाचा दर’ या रकान्यात जाऊन बसतो, आणि तिथे तो ओस्लोमधल्या खुन्याच्या बरोबरीने एक म्हणून मोजला जातो.

हा तक्ता येतो कुठून? लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात एक संशोधन संस्था आहे, ती ‘वर्ल्ड प्रिझन ब्रीफ’ नावाचा माहितीसाठा चालवते. रॉय वॉल्मस्ली नावाच्या गृहस्थांनी हे काम अनेक वर्षं नेटाने केलं. जगभरच्या सरकारांनी स्वतः दिलेले आकडे एकत्र करायचे, लोकसंख्येने भागायचे आणि प्रत्येक आकड्याखाली तळटीप लिहायची. तळटिपा वाचायचा कंटाळा करू नका, खरा माल तिथेच असतो. चीनचा आकडा लाखामागे १२०च्या आत दिसतो, कारण त्यात फक्त शिक्षा झालेले कैदी आहेत. खटल्याआधी अटकेत असलेले, प्रशासकीय आदेशाने डांबलेले, शिनजियांगच्या छावण्यांतले, यातलं कुणीही त्यात नाही. आपण जर चीनच्या पद्धतीने मोजलं तर भारताचा आकडा ४१वरून दहाच्या खाली येईल. नेदरलँड्सने एकेकाळी अल्पवयीन, बेकायदा स्थलांतरित आणि सक्तीच्या मनोपचारात ठेवलेले गुन्हेगार, सगळेच आपल्या आकड्यात धरले होते. शेजारचा देश धरत नसेल तर डच उगाचच कडक दिसतात. ब्रिटनचा तर एक आकडाच नाही: इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड या तीन वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि उत्तर आयर्लंडचा आकडा बाकी दोघांपेक्षा बराच खाली आहे.

आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. औंध संस्थानाने १९३९मध्ये सुरू केलेली. तिथे शिक्षा भोगणारी माणसं बायकामुलांसह राहतात, शेती करतात. त्यांतला प्रत्येक जण आकडेवारीत एक बंदी आहे. आर्थर रोडच्या अंडा सेलमध्ये, म्हणजे कडक बंदोबस्ताच्या कोठडीत, एकटा असलेला माणूसही एकच बंदी आहे.

भागणारी संख्याही फसवते. २०१५च्या जागतिक यादीत पहिल्या क्रमांकावर अमेरिका नव्हती, सेशेल्स होतं. लाखामागे ७९९. हिंदी महासागरातला हा द्वीपसमूह, वस्ती लाखाच्या आत, कैदी साडेसातशेच्या आत. त्यांत सोमाली चाचे होते, कारण पकडलेल्या चाच्यांवर खटला चालवायला तयार असलेल्या थोड्या देशांत सेशेल्स होता. त्या चाच्यांना काही सेशेल्सच्या लोकसंख्येत धरलेलं नव्हतं. गोव्याचंही असंच होऊ शकतं: लोकसंख्या १६ लाखांच्या आसपास, कोलवाळच्या कारागृहात शंभर माणसं जास्त आली की दर सहाने वर. छोट्या प्रदेशांचे दर बघताना आधी खरी डोकी किती ते विचारा, मग लाखामागे बोला.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट साठा आणि आवक. धरणाचं आपल्याला सांगावं लागत नाही: पाणीसाठा किती टक्के हे कळून आवक किती आणि विसर्ग किती हे कळत नाही. तुरुंगवासाचा दर हा साठा आहे, एका दिवसाचा. वर्षाला १२०० माणसं महिना-महिना राहून गेली, तर कुठल्याही दिवशी आत शंभर असतात. वर्षाला १०० माणसं वर्षभर राहिली तरी आत शंभरच. पहिल्या गावात बाराशे घरांनी तुरुंग पाहिला, दुसऱ्यात शंभर. नॉर्वे पहिल्या प्रकारातला आहे: बरीच माणसं आत जातात, पण थोड्या महिन्यांसाठी. शिवाय तिथे शिक्षा झाल्यावर ती भोगायला रांग लागायची. पत्र येईपर्यंत माणूस घरी, नोकरीवर. रांग इतकी वाढली की २०१५मध्ये नॉर्वेने नेदरलँड्सचं नोर्गरहावन तुरुंग भाड्याने घेतलं आणि तीन वर्षं आपले कैदी तिथे ठेवले. डच लोकांकडे तोवर तुरुंग रिकामे पडायला लागले होते, त्याआधी त्यांनी टिलबर्गचं बेल्जियमला दिलेलं होतंच.

अमेरिकेतल्या जिल्हा पातळीवरच्या जेलांत २०२२च्या मध्यावर एका दिवशी ६ लाख ६० हजारांच्या आसपास माणसं होती. त्या वर्षात या जेलांत माणसं आत घेतल्याच्या एकूण नोंदी झाल्या ७३ लाख. एकच माणूस अनेकदा येतो हे धरूनही, हा आकडा लाखामागे ५००पेक्षा मला जास्त काही सांगतो. आणि भारत? २०२१मध्ये आपल्या कारागृहांत वर्षभरात सुमारे १८ लाख माणसं दाखल झाली. वर्षअखेरीस आत होती साडेपाच लाख. ढोबळ सरासरी मुक्काम चार महिन्यांच्या आत. आवक लाखामागे मोजली तर भारताचा दर ४१ राहत नाही, १२५-१३० होतो. आता ज्या देशात अकरा हजार माणसं खटला न संपताच पाच वर्षांवर आत आहेत त्याच देशात सरासरी चार महिने, म्हणजे आठ-पंधरा दिवसांत आत-बाहेर करणाऱ्यांची गर्दी केवढी असेल. आठ-पंधरा दिवस म्हणजे थोडे दिवस असं वकिलाला वाटतं. नाका कामगाराची खोली त्यात जाते.

गुन्हे जास्त म्हणून तुरुंगवास जास्त, हे तर उघड आहे, असं तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असणार. फिनलंडची गोष्ट त्यासाठी सविस्तर सांगतो, कारण समाजशास्त्रात प्रयोगशाळेतल्यासारखी उदाहरणं फारशी मिळत नाहीत आणि हे त्यातलं एक आहे.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये लाखामागे २००च्या आसपास कैदी होते. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क तेव्हा साधारण पन्नासच्या आसपास. शेजारी देश, सारखं हवामान, सारखा धर्म, बऱ्यापैकी सारखं समाजजीवन, आणि तुरुंग चौपट. कारणं इतिहासात होती: १८८९ची जुनी दंडसंहिता, १९१८चं यादवी युद्ध, मग दुसरं महायुद्ध. कठोर शिक्षेची सवय जडलेली. साठच्या दशकात तिथल्या काही अधिकाऱ्यांनी, न्यायाधीशांनी आणि अभ्यासकांनी शेजाऱ्यांचे आकडे समोर ठेवले आणि ही शरमेची बाब आहे असं ठरवलं. पॅट्रिक टर्नुड हे त्यांच्यातले एक. त्यांनी नंतर लिहिलं की कुठल्याही एका कायद्यापेक्षा या मंडळींचं एकमत झालेलं होतं हे महत्त्वाचं. तुरुंगवासाचं प्रमाण हा एक प्रश्न आहे आणि तो आपल्या हातात आहे, एवढ्यावर सगळे ठाम होते.

पुढची पंचवीस-तीस वर्षं त्यांनी कंटाळवाणी कामं केली. चोरीच्या शिक्षा खाली आणल्या. सराईत गुन्हेगाराला अनिश्चित काळ डांबून ठेवायची तरतूद फक्त गंभीर हिंसेपुरती ठेवली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना सरसकट आत टाकायचं थांबवून दंड आणि स्थगित शिक्षा द्यायला सुरुवात केली. पॅरोलवर सुटण्याआधी किमान किती दिवस भोगायचे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणत १९८९मध्ये १४ दिवसांवर नेली. नव्वदीत तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आली. निवडणुकीत यातलं काही गाजलं नाही. नव्वदच्या दशकात फिनलंड साठ-पासष्टवर आला, शेजाऱ्यांच्या रांगेत.

आणि गुन्हे? साठपासून नव्वदपर्यंत चारही देशांत नोंदलेले गुन्हे वाढले, आणि चारही देशांत साधारण सारखेच वाढले. तुरुंगांचा आलेख फिनलंडचा एकट्याचा घसरत होता, शेजाऱ्यांचा सपाट होता, आणि गुन्ह्यांच्या रेषा मात्र एकमेकींना धरून. फिनलंडने कैदी कमी केले म्हणून तिथे गुन्हे इतरांपेक्षा जास्त वाढले, असं त्या आलेखात शोधूनही सापडत नाही.

अमेरिका याच्या उलट दिशेला गेली. १९२५ ते १९७२ अशी जवळपास पन्नास वर्षं तिथल्या राज्य आणि संघराज्याच्या तुरुंगांतला दर लाखामागे शंभरच्या आसपास हलत राहिला. इतका स्थिर की १९७३मध्ये आल्फ्रेड ब्लुमस्टीन आणि जॅकलिन कोहेन यांनी शिक्षेचं प्रमाण कुठल्याही समाजात स्वतःहून स्थिर राहतं असा सिद्धांत मांडला. नेमकी त्याच सुमाराला रेषा वर निघाली आणि पस्तीस वर्षं खाली आली नाही. (अभ्यासकांच्या नशिबी असं येतं.) २००८च्या सुमाराला जेल धरून दर साडेसातशेच्या वर गेला होता. त्यानंतर उतरला, पण अमेरिका म्हणजे एक आकडा असं मानायचं कारण नाही. लुइझियाना आणि मिसिसिपी हजाराच्या आसपास आहेत, मॅसॅच्युसेट्स अडीचशेच्या खाली. मॅसॅच्युसेट्सला तिकडे उदारमतवादी समजतात, आणि तो आकडाही इंग्लंडपेक्षा बराच वर आहे.

पण अमेरिकेचं खरं चित्र भिंतीबाहेर आहे. २०२२अखेर तिथे सुधार यंत्रणेच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली मिळून ५४ लाख लोक होते. त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त आत नव्हतेच, ते प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी बाहेर, अटींसह देखरेखीखाली) किंवा पॅरोलवर होते. इथे एक खुलासा आवश्यक आहे: तिकडचं पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला भाग अटींवर बाहेर काढणं. आपल्याकडे महाराष्ट्रात ज्याला पॅरोल म्हणतात ती अभिवचन रजा, आई वारली, घर पडलं म्हणून काही दिवसांपुरती दिलेली. फर्लो म्हणजे संचित रजा. रजेवरचा माणूस परत जातो. या दोन गोष्टी एकाच तक्त्यात घातल्या की सगळा घोळ होतो, आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तो नेहमी होतो.

प्रोबेशन हा तुरुंगाला पर्याय, असं पाठ्यपुस्तकात असतं. मिनेसोटा बघा. तुरुंगवासात तिथला दर अमेरिकेतल्या सगळ्यात खालच्यांपैकी आहे. प्रोबेशनमध्ये मात्र सगळ्यात वरच्यांपैकी. जॉर्जिया दोन्हीकडे वर, प्रोबेशनमध्ये तर देशात पहिला. म्हणजे प्रोबेशन वाढवलं की तुरुंग रिकामा होतो असा सरळ हिशोब नाही. एक तर जो माणूस पूर्वी दंड भरून घरी गेला असता त्याच्यावरच देखरेख लादली जाते. दुसरं म्हणजे देखरेखीत अटी असतात: ठरल्या दिवशी अधिकाऱ्यासमोर हजर राहा, लघवीची तपासणी द्या, परवानगीशिवाय जिल्हा सोडू नका, देखरेखीचं शुल्कही भरा. अट मोडली की आत. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत राज्यांच्या तुरुंगांत दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक प्रोबेशन किंवा पॅरोलच्या भंगामुळे आलेले निघाले. नवा गुन्हा केलेलेही त्यात आहेत, पण बरेच जण फक्त अट मोडलेले.

युरोपात हेच वेगळ्या रीतीने दिसलं. युरोप परिषदेसाठी लोझान विद्यापीठात मार्सेलो एबी आणि त्यांचे सहकारी दरवर्षी दोन वेगवेगळी मोजणी करतात, एक तुरुंगांची आणि एक बाहेरच्या शिक्षांची. १९९० ते २०१० या वीस वर्षांचे आकडे त्यांनी शेजारी ठेवले तेव्हा बहुतेक देशांत बाहेरच्या शिक्षा भरपूर वाढलेल्या दिसल्या आणि तुरुंगवासही वाढलेलाच दिसला. पर्याय म्हणून आणलेली गोष्ट बेरीज होऊन बसली. फिनलंडच्या समाजसेवेच्या शिक्षेला हे लागू पडत नाही, कारण तिथे कायद्यातच अट होती: न्यायाधीशाने आधी तुरुंगवास ठरवायचा, मगच तो समाजसेवेत बदलायचा. जो आत जाणारच होता त्यालाच ती सवलत. अशी एक ओळ कायद्यात लिहिली आहे की नाही, हे मी कुठलंही नवं विधेयक वाचताना आधी शोधतो.

भारतात १९५८चा अपराधी परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) कायदा आहे. चांगला कायदा आहे. जिल्ह्याला परिवीक्षा अधिकारी आहे, आणि त्याच्या गळ्यात महिला व बालविकास खात्याची इतर पन्नास कामं आहेत. दंडाधिकारी त्याचा अहवाल क्वचित मागवतात. त्यामुळे जागतिक तक्त्यात ‘देखरेखीखालचे’ हा भारताचा रकाना ओस पडतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, इथे बाहेर कुणावर नजरच नाही.

फासेपारधी किंवा कैकाडी वस्तीत जाऊन हे सांगून बघा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातींवर हजेरी बसवली होती. सोलापुरात काटेरी तारेच्या आतली ‘सेटलमेंट’ होती, त्या भागाला लोक अजून त्याच नावाने ओळखतात. कायदा १९५२मध्ये गेला, त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आज एखादा जामिनावर सुटतो तेव्हा अट असते: दर सोमवारी अकरा ते एक या वेळेत पोलिस ठाण्यात हजेरी. हजेरीला गेल्यावर साहेब बंदोबस्तावर असतात, मग तीनपर्यंत बाकड्यावर बसायचं, त्या दिवसाची मजुरी गेली. सणावाराच्या आधी चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधात्मक कारवाई, करून चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घेतात. आणि महाराष्ट्र पोलीस कायद्यातली तडीपारी: दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर, कधी शेजारचे जिल्हेही धरून, गुन्हा सिद्ध होण्याची गरज नाही. तडीपार माणूस म्हाताऱ्या आईला भेटायला रात्रीचा घरी आला आणि सापडला, तर तो नवा गुन्हा. अमेरिकेतल्या प्रोबेशनच्या अटीभंगाशी याचं नातं अगदी जवळचं आहे. फरक इतकाच की तिथे हे लोक मोजले जातात. तडीपारीला लंडनच्या किंवा लोझानच्या तक्त्यात रकाना नाही, आणि आपल्याला तो स्वतः करावासा वाटलेला नाही. माझी तरुण मित्रांना विनंती आहे की कुणी तरी प्रबंधासाठी हा विषय घ्या. एका जिल्ह्याचा, पाच वर्षांचा, माहितीच्या अधिकारात मागता येतो.

प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न आले, ते इथे घेतो. पहिला एल साल्वादोरचा: तिथे मार्च २०२२मध्ये आणीबाणी लावून हजारोंनी माणसं उचलली, तुरुंगवासाचा दर लाखामागे हजाराच्या वर गेला, जगात पहिला, आणि खून थांबले. मग तुमचं फिनलंड कुठे राहिलं? प्रश्न रास्त आहे. खून कमी झाले, हे खरं आहे, आणि तिथल्या सामान्य माणसाला त्याचं मोल काय आहे ते टोळ्यांच्या गल्लीत न राहिलेल्या मी बोलू नये. पण आलेख २०१५पासून बघा. तेव्हा खुनांचा दर लाखामागे शंभरच्या वर होता. २०२१मध्ये, आणीबाणीच्या आधीच्या वर्षी, तो १८वर आलेला होता. मोठी घसरण आधीच झालेली. आणि जे आत गेले त्यांतले हजारो निरपराध होते म्हणून सोडले, हे राष्ट्राध्यक्ष बुकेले यांनी स्वतः जाहीर केलं. मधल्या काळात त्यांच्या घराचं काय झालं ते त्या दरात दिसत नाही. तुम्ही म्हणाल ही किंमत परवडते. परवडते की नाही हे ठरवताना ती कोण भरतो तेही लिहून ठेवा, एवढंच.

दुसरा प्रश्न पायात बांधायच्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्याचा. जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३मध्ये देशात पहिल्यांदा तो वापरला, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या खटल्यातल्या जामिनावरच्या आरोपीला, न्यायालयाच्या आदेशाने. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या प्रकरणात सांगितलं की आरोपीने आपलं गुगल लोकेशन सतत पोलिसांना द्यावं अशी अट जामिनावर घालता येणार नाही. म्हणजे मामला अजून उघडा आहे, आणि गर्दी कमी करायचा स्वस्त उपाय म्हणून पट्टा इतर राज्यांतही पुढे येत राहणार. महाराष्ट्रात आला तर मला एकच गोष्ट बघायची आहे. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत राहिलेल्या बंद्यांची नावं आता कारागृहांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायची असतात. तळोज्यात आहेत, येरवड्यात आहेत, नाशिक रोडला आहेत. पहिले पट्टे त्या यादीतल्या माणसांना मिळतात, की ज्यांना न्यायालय साध्या जातमुचलक्यावर तसंही घरी पाठवणार होतं त्यांना?